कोकणातली आजची कथा: देखणी की खरी, असं निवडावंच लागतं का?

कातळकडा (रत्नागिरी)

यंदाच्या दिवाळी अंकांतल्या कोकणात घडणाऱ्या कथा ओळीने वाचल्या आणि नकळत त्यांचे दोन ढीग पडले.

पहिल्या ढिगात भाषा सुरेख. शेवाळलेला गडगा (दगडी कुंपण), पिकल्या फणसाचा वास, तिन्हीसांजेची खाडी, सगळं आहे. माणूस मात्र कुठल्या वाडीतला, पोट कशावर भरतो, राहतं घर कुणाच्या नावावर, याचा पत्ता नाही. दुसऱ्या ढिगात प्रश्न सगळे हजर: प्रकल्प, पर्ससीनची जाळी, कुलपं लागलेली घरं, सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची जमीनखरेदी. पण पात्रं तोंड उघडतात ती तहसीलदाराला निवेदन दिल्यासारखी. कथा संपते आणि हाताशी फक्त विषय उरतो.

मला दोन्ही ढिगांचं दुखणं एकच वाटतं. दोघांनीही समाज हा कथेच्या बाहेरचा मानला आहे. पहिल्याने तो दाराबाहेर ठेवला, दुसऱ्याने खोबऱ्यासारखा वरून भुरभुरला.

माझं म्हणणं असं की सामाजिक वास्तव कथेचा घाटच, म्हणजे तिची रचनाच ठरवतं. एक उदाहरण देतो. आपल्याकडे घराच्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात. काही मेलेली, काही मुंबईत, एखादं मस्कतला. कुणालाच विकता येत नाही आणि दुरुस्तीलाही कुणी पैसे काढत नाही. अशा घराची कथा एकाच नायकाच्या तोंडून सांगितली की ती खोटी पडते. तिला अनेक तोंडं हवीत, एकमेकांना खोडणारी. म्हणजे निवेदन कसं असावं हे सातबाऱ्याने सांगितलं. यात सौंदर्य कुठलं आणि समाज कुठला, हे वेगळं काढून दाखवता येईल का?

'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या वादात जीवनाची बाजू घेणारे खांडेकर १९२० पासून आपल्या शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते. पुढे १९३० साली त्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. त्या वादातले दोन्ही पक्ष आज अपुरे वाटतात. तुम्हाला काय वाटतं?

बांगडातिखलं

ढीग दोनच? माझ्याकडे तिसराही आहे. आजी वारते, नातू मुंबईहून येतो, माळ्यावर जुनी पेटी सापडते. यंदा अशा चार पेट्या उघडल्या.

गुहागरची_गाडी

+१. आणि पेटीत पत्रंच असतात. कधीतरी उंदराने कुरतडलेली चादर निघू द्या की!

पागोळी (मूळ देवरूख, सध्या पुणे)

पहिल्या ढिगाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी घेते.

कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीचा विचार मांडला. संवाद, विरोध आणि समतोल या नात्यांनी कलाकृतीतले घटक एकमेकांशी बांधलेले असतात. ही बांधणी कथेच्या आत आहे. लेखकाने कुठला प्रश्न हाती घेतला, यावरून ती घट्ट किंवा सैल ठरत नाही. कुलूपबंद घरांवर शंभर जण लिहितील. त्यातल्या एखाद्याच कथेत कुलपाचा गंज आणि आत वाढलेली वाळवी यांच्यात काहीतरी घडतं. ते घडलं नाही तर विषय कितीही मोलाचा असो, कथा झालेली नसते.

दुसरं, निसर्गाचं वर्णन म्हणजे सजावट हे मला मान्य नाही. ज्याने चार महिने पागोळ्यांचा आवाज ऐकत दिवस काढले, त्याच्या मनाची चालच वेगळी असते. ती वाक्यात उतरली तर तो अलंकार कसा? आम्ही गाव सोडून आलेल्या माणसांना जे आठवतं, ते खोटं आहे असं कुणी सांगू नये.

उत्तरवाडी (संगमेश्वर)

पागोळीताई, तुमची आठवण खोटी नाही. पण ती कुठल्या ओटीवर बसून केलेली आहे, हे कथेने लपवू नये.

बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी जातो आणि जात लपवून राहतो. कथा पुढे सरकते ती एकाच शंकेवर: कळलं तर? ती शंका काढून घ्या, कथेत गतीच उरत नाही. जात इथे पार्श्वभूमी म्हणून आलेली नाही. कथेचा ताण, वेग, वाक्यांचा दम लागलेला श्वास, सगळं तिच्यातून येतं. तरी अशा लेखनाला आक्रस्ताळं म्हणणारे पुष्कळ होते. समतोल हवा, संयम हवा. कुणाचा समतोल? पुढे शरद पाटील, शरणकुमार लिंबाळे यांना सौंदर्यशास्त्रच नव्याने मांडावं लागलं, ते काही हौस म्हणून नव्हे.

आता कोकणावर येतो. आपल्या कथांतला खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, बहुतेक वेळा गमतीदार, तऱ्हेवाईक, मनाने मोठा. खोती रद्द करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. खोती कायद्याने गेली १९४९ च्या कायद्यानंतर. एवढा काळ ज्या कुळांनी अर्धली-तिर्धली (पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा) भरली, त्यांच्या अंगणातून तो खोत कसा दिसत होता, हे किती कथांत आलं?

शिमग्याची पालखी घ्या. ती कुठल्या घरी थांबते, कुठे नुसती पुढून जाते, कुठल्या वाटेच्या तोंडाशी येऊन वळते, यात अख्खा गाव वाचता येतो. ढोल, गुलाल, नाचवणं, हे सगळं सुंदर आहेच, मलाही आवडतं. पण पालखी वळते त्या जागेवर उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांनी तोच गुलाल लिहून पाहा. वर्णन तेवढंच देखणं राहील आणि अर्थ पूर्ण बदलेल.

सड्यावरचा_वारा

मुळात कथेवर एवढी चर्चा कशाला? कादंबरीकार भालचंद्र नेमाड्यांनी हा प्रकारच क्षुद्र ठरवून टाकलाय. लिहायचं तर कादंबरी लिहा.

कातळकडा

सड्यावरचा_वारा, आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींनी जन्मभर कथाच लिहिली, आणि ती वाचून कुणाला आवाका कमी वाटला नाही. लांबीवरून प्रकाराची उंची मोजू नये.

रापणकार (मालवण)

सगळ्यांचां वाचलंय. माजां म्हणणां जरा वेगळां आसा.

तुमी समुद्राचो रंग लिवतास. आमी पहाटे किनाऱ्यार उभे रवतंव, तेवा आमकाव पाणी सुंदर दिसता. पण तांच पाणी बघान ठरता, होडी सोडूची की नाय. खाली तारले मासे आसले की पाण्यार काळसर सावली सरकता, वर पाखरां घिरट्या घालतत. तां बघताना जो आनंद होता, त्यातलो पोटाचो कितको आणि डोळ्यांचो कितको, ह्यां माका वेगळां काडूक येवचां नाय.

पूर्वी रापण, म्हणजे किनाऱ्यावरसून दोरयेन वडूचां मोठां जाळां, वडूक सगळी वाडी येय. दोरयेक हात लावलो त्येका वाटो. म्हातारी, शाळेतलो पोर, कोणव. आता दिवे लावन मासेमारी करणारे इले, रापणीक काय गावना नाय आणि दोर वडूक माणसां गावनत नाय. कथेत ह्यां येता तां 'मच्छीमारांची व्यथा' म्हणान येता. त्या दोरयेर कोण खंय उभो रवता, पुढे कोण, मागे कोण, शेवटाक येवन हात लावणाऱ्याक लोक कशे बघतत, ह्यां कोण लिवना नाय. मान कोणाचो, गरज कोणाची, सगळां त्या उभां रवण्यात दिसता.

पागोळी

रापणकारदादा, पोटाचा आनंद आणि डोळ्यांचा आनंद वेगळा काढता येत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. मी ज्याला लय म्हणत होते, ती तुमच्या दोरीवर आहे. हातांची रांग, मधलं अंतर, उशिरा आलेला हात. विरोधही तिथेच, समतोलही तिथेच. मर्ढेकर सोडायची गरज नाही असं मला अजूनही वाटतं. त्यांची लय कुठे शोधायची, ती जागा बदलायला हवी.

तुम्ही कथा लिहाच.

रापणकार

१ जूनपासून दोन म्हयने मासेमारी बंद. तेवा बगूया!

गिरणगाव_ते_कणकवली

कोकणची कथा फक्त किनाऱ्यावर घडते असं धरून चाललंय सगळं. अर्धी कथा लालबाग-परळात घडली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमच्या गावातल्या कित्येक घरांची मनीऑर्डर थांबली. पोस्टमन यायचा, पण आमच्या दारावरून सरळ पुढे जायचा. आई ओटीवर यायची थांबली. तो मुंबईचा संप होता की कोकणचा?

जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या धाग्यावर यायलाच हवं. साहित्य अकादमीचा २०१२ चा पुरस्कार त्या कथासंग्रहाला आहे. गिरणगाव मोडताना त्यांनी बघितलं, पण लिहिताना अहवालाची भाषा घेतली नाही. अद्भुत घेतलं, अफवा घेतली, गोष्टीत गोष्ट घेतली. गिरणीच्या जागी मॉल उभा राहतो हेच मुळात इतकं अविश्वसनीय आहे की सरळ वास्तववादी वाक्याला ते पेलत नाही. म्हणून अद्भुताचा हा वापर मला सगळ्यात खरा वाटतो.

सड्यावर जमिनीचे दलाल फिरू लागल्यापासून आमच्या गावात ज्या अफवा उठतात, त्यांनाही तसा लेखक हवा. कुठल्या कातळावर काय येणार, कोणी किती घेतले, कुणाच्या अंगठ्याखाली कुणाची जमीन गेली. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. सर्व्हे नंबरच्या भाषेत त्याला 'पोटखराबा' म्हणतात.

गुहागरची_गाडी

अवांतर: गणपतीचं परतीचं तिकीट कुणाचं कन्फर्म झालं असेल तर त्यावर अद्भुत कथा होऊ शकते.

बांगडातिखलं

त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, संपादक परत पाठवतील.

काजूबी (सावंतवाडी)

मी काजू कारखान्यात काम करते. टरफलातलं तेल हातावर उडतं, कातडी काळी पडते आणि मग सोलून निघते. तेल चोळून बसलं तरी बोटांच्या टोकांना वाचवता येत नाही. कोकणातल्या कथांतल्या बायकांचे हात मी मुद्दाम बघते. हिरव्या बांगड्या असतात, पिठाने माखलेले असतात, नाहीतर चाकरमान्या नवऱ्याची वाट बघत दाराच्या चौकटीवर टेकलेले असतात. माझ्यासारखे हात मला एकाच कथेत भेटले. तिथे लेखकाने त्या बाईला शेवटी रडवलं. आम्ही त्या हातांनी हसतो, मोबाईल वापरतो, भिशीचे पैसे मोजतो.

पण मला याहून वेगळं सांगायचंय. कामावर आमच्यातली एक जण फोनवर कथा लावते आणि आम्ही सात-आठ जणी काजू सोलताना ऐकतो. कौटुंबिक भांडण आलं की सगळ्या मध्ये बोलतात, सुनेची बाजू, सासूची बाजू. वर्णन आलं की कुणी बोलत नाही. एकदा पावसाचं मोठं वर्णन होतं, संपल्यावर मावशी म्हणाली, परत लाव तेवढंच. म्हणून, सुंदर वाक्य म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं या धाग्यावर कुणी म्हणू नये. आम्हाला सुंदर हवंय. त्यात आम्ही असलो तर अजून हवंय.

उत्तरवाडी

काजूबी, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. वंचितांच्या कथेने ओबडधोबडच असावं, ही अपेक्षाही वरूनच लादलेली आहे.

कलमबाग (देवगड)

माझी हापूसची बाग आहे. हंगामाला एक नेपाळी कुटुंब राखणीला असतं. नवरा, बायको आणि एक मुलगा. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, मालवणी आमच्या नातवापेक्षा चांगली बोलतो. पहाटे वानरं हाकायला तो पत्र्याचा डबा वाजवतो आणि वाजवता वाजवता पाढे म्हणतो. आजवर वाचलेल्या कथांत ही माणसं एक तर चोर असतात, नाहीतर बिचारी. मला यावर लिहायचंय. सुरुवात इथे देतो, निःसंकोच सांगा.

*पहाटे साडेपाचला डबा वाजू लागला. वानरं खालच्या कलमांवर उतरली होती. गडग्यावर बसून तो निरागस पोर सातचा पाढा म्हणत होता, प्रत्येक ओळीला एक ठोका. छप्पन्नाला तो नेहमी अडतो, हे मला अंथरुणातूनही कळतं. त्या चिमुकल्या आवाजात मला हिमालयातल्या दूरच्या गावाची हाक ऐकू आली.*

काजूबी

'निरागस' आणि 'चिमुकल्या' काढा. छप्पन्नाला अडतो, एवढ्यातच तो पोर मला दिसला.

उत्तरवाडी

मालक अंथरुणात आहे आणि पोर गडग्यावर. हे तुम्ही न सांगता आलंय, हीच या परिच्छेदाची ताकद. हिमालयाची हाक आली की मालक हळवा होतो आणि वाचक त्याला माफ करून टाकतो. ती काढा. आणि एक विचारतो, राग मानू नका: हंगामाच्या सुरुवातीला दिलेली उचल कथेत कुठे येणार? पाढे म्हणणारा मुलगा सगळ्यांना गोड वाटतो. त्याच्या बापाला महिन्याला काय मिळतं, हे आल्याशिवाय तो गोडवा मला पचणार नाही.

पागोळी

पण रक्कम सरळ सांगितली तर पुन्हा दुसऱ्या ढिगाकडे जाऊ. मालकालाच ती सांगू दे, आणि स्वतःच्या उदारपणाचा पुरावा म्हणून सांगू दे. वाचक काय ते समजेल.

कलमबाग

राग कसला, यासाठीच टाकलं. मी रात्रभर यावर विचार केला. निवेदक मालकच ठेवणार, कारण त्या कुटुंबाच्या झोपडीत रात्री काय बोलणं होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मला आणायचा नाही. पण मालकाला जे दिसत नाही, ते वाचकाला दिसलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक वाक्य दोन बाजूंनी तपासायचं: तो काय सांगतोय आणि सांगताना काय उघडं पडतंय. बदललेला मजकूर:

*पहाटे साडेपाचला डबा वाजू लागला. वानरं खालच्या कलमांवर उतरली होती. गडग्यावर बसून पोर सातचा पाढा म्हणत होता, प्रत्येक ओळीला एक ठोका. छप्पन्नाला तो नेहमी अडतो, हे मला अंथरुणातूनही कळतं. दहाला त्याची शाळा. तोवर डबा वाजत असला की आम्हाला उठावं लागत नाही. बापाला मी दिवाळीलाच उचल देतो, या पंचक्रोशीत एवढी कोणी देत नाही.*

कातळकडा

मी सुरुवातीला जे सैद्धांतिक भाषेत मांडत होतो, ते इथे सात वाक्यांत झालंय. निवेदक कोण, हा प्रश्न तंत्राचा वाटतो. इथे तो बाग कुणाची आहे यावरून सुटला. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये तंत्राला एवढं महत्त्व दिलं, त्याची आपण पुढे टर उडवली. तंत्र हवंच आहे. ते माणसाच्या गावातल्या जागेतून निघालं पाहिजे, एवढंच मला म्हणायचंय.

उत्तरवाडी

'एवढंच' नाही, कातळकडा. अजून एक बाजू राहतेय. बागमालकाने स्वतःची आंधळी जागा दाखवणारी कथा लिहिली तर ती मी आनंदाने वाचेन. पण छापणारे, निवडणारे, बक्षीस देणारे बहुतेक त्याच ओटीवरचे असतील, तर दरवेळी कथा मालकाच्या पश्चात्तापाचीच होईल. तो डबा वाजवणारा मुलगा वीस वर्षांनी मराठीत लिहील, त्याची मी वाट बघतोय. त्याचा घाट कसा असेल हे आज आपण कुणीच सांगू शकत नाही, आणि आपल्या कसोट्या तेव्हा त्याच्या आड येऊ नयेत.

गिरणगाव_ते_कणकवली

याला +१०००. परळच्या चाळीतल्या पोरांनी लिहायला घेतलं तेव्हाही आधी 'ही कसली भाषा' हेच ऐकायला मिळालं होतं.

सड्यावरचा_वारा

धागा वाचून 'कादंबरीच लिहा' हा हट्ट थोडा सैल सोडतो. कलमबाग, पुढे काय होतं?

कलमबाग

पुढचा प्रसंग मे अखेरच्या हिशेबाचा. ओटीवर मी, वही, समोर ते दोघं. इथे अडलोय. मी वाचून दाखवायचं आणि त्यांनी मान हलवायची, असं लिहिलं तर सगळं माझ्याच हातात राहतं.

काजूबी

बायकोला मोजू द्या. आमच्याकडे हजेरीचे दिवस बायका स्वतः लक्षात ठेवतात, मुकादमाच्या वहीवर कुणी विसंबत नाही. तिचे दिवस तुमच्या वहीपेक्षा जास्त भरू देत.

उत्तरवाडी

आणि मुलाला तिथेच बसवा. आईचे दिवस गुणिले रोजचा दर, हा हिशेब त्याला येतो.

कलमबाग

हे जमेल. उद्या सकाळी लिहायला बसतो, झालं की इथेच टाकेन.

रापणकार

टाका टाका. पण पोराक छप्पन्नार अडकवन ठेव नका हां, हिशेबात तरी बरोबर सांगूंदे तेका.